संत्र्याचं गरम रम पंच घरी कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला, नागपुरात हिवाळी अधिवेशनाचे बॅनर लागले आणि गल्लीत शेकोट्या दिसायला लागल्या की मला तेच तेच मेसेज सुरू होतात. ताई ते संत्र्याचं गरम वालं कसं करतेस, रम किती घालू, माझं कडू काहून झालं. दरवर्षी वेगवेगळ्या लोकांना तेच टाईप करून बोटं दुखली म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतेय. घाईत असाल तर कृती आणि कडवटपणाचा प्रश्न एवढे दोन वाचा, बाकीचं पीत पीत वाचलं तरी चालतं.

हे कॉकटेल आहे का काढा?

दोन्हीच्या मधलं. याला पंच म्हणतात, आणि गंमत अशी की बहुतेक डिक्शनऱ्यांच्या मते हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडच्या 'पाच'वरूनच उचललाय. दारू, आंबट, गोड, पाणी आणि मसाला अशा पाच गोष्टी, म्हणून पंच. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांच्या लिखाणात १६३२ सालीच हा शब्द सापडतो. तेव्हा त्यात रम नव्हती बरं का, इथली अर्क म्हणजे ताडीची किंवा गुळाची गाळलेली दारू असायची, रमचं पंच नंतर वेस्ट इंडिजकडे जमलं. त्यामुळे कोणी नाक मुरडून हे काय फॉरेनचं खूळ म्हणालं तर हे सांगायचं.

मला मात्र या पाचाचा उपयोग वेगळाच होतो. पेला बेचव लागला की मी पाच बोटं मोजते, दारू, आंबट, गोड, पाणी, मसाला, यातलं काय कमी पडलंय? शंभरातल्या नव्वद वेळा आंबट कमी असतं आणि लोक मात्र गूळ वाढवत बसतात.

साहित्य आणि कृती एका जागी सांग ना.

घे. चार जणांसाठी. मध्यम आकाराची दहा नागपुरी संत्री, त्याचा साधारण ५०० मिली रस निघतो (रसाळ निघाली तर ६०० पण). डार्क रमची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. दोन लिंबं. किसलेला गूळ ४० ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे. पाणी २५० मिली. चार लवंगा, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, एक चक्रीफूल, पाच-सहा मिरे अर्धवट ठेचून, अद्रकाच्या चार पातळ चकत्या. चिमूटभर मीठ, ते विसरायचं नाही.

आधी दोन संत्री गरम पाण्याने चोळून धुवा आणि सोलायच्या आधीच त्यांची फक्त केशरी साल किसणीच्या बारीक बाजूने हलक्या हाताने किसून घ्या, चमचाभर होते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते ना, एकदा सोललं की मग ती किसता येत नाही, हातातच मऊ पडते. मग सगळी सोलून रस काढा (कसा ते पुढे आहे, ते वाचल्याशिवाय मिक्सरला हात लावू नका). एका पातेल्यात पाणी आणि मसाले टाकून मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा, पाणी थोडं आटून २०० मिलीच्या आसपास येतं. त्यात गूळ विरघळवा, गॅस बंद करा, किसलेली साल टाकून दोन मिनिटं झाका आणि गाळून घ्या. गूळ कितीही चांगला असला तरी तळाशी थोडी रेती सापडते, म्हणून गाळणं मस्ट.

रस वेगळ्या लहान पातेल्यात घ्या आणि ते पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा, आपण चॉकलेट वितळवतो तसं. रसावर वाफ दिसायला लागली की बास, बुडबुडे यायच्या आधी उतरवायचा. आता रस आणि मसाल्याचं पाणी एकत्र, मग लिंबू, मग मीठ, आणि रम सगळ्यात शेवटी. गॅस बंद असतानाच. ढवळा, चव बघा, लगेच वाढा.

संत्री कोणती घ्यायची? गाड्यावर तीन-चार प्रकार दिसतात.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात ती आंबिया बहाराची संत्री. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतात ती मृग बहाराची, आणि ती जास्त गोड. पंचासाठी मला आंबियाचीच आवडतात कारण त्यात आंबटपणा असतो आणि गुळाला काहीतरी काम उरतं. मृगाची वापरलीत तर गूळ अर्धा करा आणि लिंबू तीन घ्या.

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या बाजूचा माल मिळाला तर उत्तम, पुण्या-मुंबईतही तो येतोच. पण तिथे डिसेंबर-जानेवारीत संत्रं म्हणून बऱ्याचदा किन्नू गळ्यात मारतात. किन्नू पंजाब-राजस्थानकडचा, चकचकीत, गडद केशरी, साल फळाला घट्ट चिकटलेली आणि बिया भरपूर. आपलं संत्रं दिसायला त्याहून गरीब, साल ढिली, कधीकधी हिरवट झाक सुद्धा. दिसण्यावर जाऊ नका, हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानाने जड लागलं की रस आहे, हलकं आणि फुगलेलं वाटलं की आत कोरडं. किन्नूचं पंच होतं, वाईट नाही होत, फक्त कडू व्हायला तो अजूनच उतावळा असतो.

मोसंबी चालेल का, असंही विचारतात. चालते, पण चव सौम्य येते, लिंबू वाढवावं लागतं. रंग तर येतच नाही.

माझं कडू झालं. सगळं तुझ्यासारखंच केलं होतं.

नव्हतं केलं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

संत्र्यात कडवटपणा तीन वाटांनी येतो. पहिली वाट सालीखालचा पांढरा भाग, साल किसताना जोर लावला की तो येतो. दुसरी वाट बिया. मिक्सरमध्ये फोडी बियांसकट फिरवल्या की बिया फुटतात आणि खेळ खल्लास, मग कितीही गूळ घाला तो मागून येणारा कडूपणा जात नाही.

तिसरी वाट बेरकी आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि तीन-चार तासांनी तोच रस कडू लागतो, हे घरात सगळ्यांनी अनुभवलंय पण फ्रीजला दोष दिलाय. फ्रीजचा दोष नाही. फळाच्या पडद्यांमध्ये आणि बियांमध्ये एक बेचव द्रव्य असतं, फळ दाबलं की ते रसात उतरतं, रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं आणि लिमोनिन म्हणजे शुद्ध कडू. गरम केलं की हे काम आणखी पटपट होतं. म्हणूनच रस सकाळी काढून ठेवायचा नाही, उकळायचा नाही, आणि केलेलं पंच अर्ध्या तासात संपवायचं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका ३१ डिसेंबरला दुपारीच रस काढला, तो पण मिक्सरमधून, संध्याकाळी रमसकट सगळं मिळून वीस मिनिटं खळखळ उकळलं आणि मोठ्या तोऱ्यात आठ जणांना वाढलं. सगळे छान आहे छान आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुंडीतली माती ओली होती.

मग रस काढायचा कशाने?

लिंबं पिळायचं असतं तसलं मोठं हातप्रेस असेल तर संत्रं आडवं कापून हलक्या हाताने पिळा, शेवटचा थेंब काढायच्या नादात पडदे चिरडू नका. ते नसेल तर फोडी मोकळ्या करून बिया काढा आणि स्टीलच्या गाळणीवर वाटीच्या बुडाने दाबा. दहा संत्र्यांना पंधरा मिनिटं लागतात, कोणाला तरी गप्पा मारत बसवा या कामाला. मिक्सरशिवाय जमतच नसेल तर बिया काढून, पल्स वर दोनदाच, गर्रर्र नाही.

रम कुठली? महागातली आणू का?

नको. मसाला, गूळ आणि संत्र्यात महागड्या रमचे बारकावे कुठल्या कुठे जातात, तुमचेच पैसे वाया. आपली ओल्ड मंक घ्या, १९५४ पासून आहे, व्हॅनिलासारखा वास आहे, घरात बहुतेकांकडे असतेच. दुसरी कुठलीही डार्क रम चालेल. पांढरी रम गरम पेयात मला पोकळ वाटते, ती थंड व्हर्जनला ठेवा.

व्हिस्की घालून पाहिली, बरी लागते पण संत्रं मागे पडतं. ब्रँडी मात्र मस्त लागते. व्होडका घालून फक्त चढतं, चव काही येत नाही.

गुळाऐवजी साखर किंवा मध?

रम उसाच्या मळीपासून होते आणि गूळ उसाच्या रसाचा, म्हणजे दोघं एकाच घरातले, म्हणून त्यांचं जमतं. गडद, बिनकेमिकलचा गूळ घेतला तर चवीत फरक कळतो. एक सांगते, काही गूळ खारट असतो, आधी खडा चाखून बघा, खारट असेल तर मीठ घालू नका. साखर चालते, चव सपाट येते एवढंच. मध घालायचा तर उतरवल्यावर घाला आणि गुळापेक्षा थोडा कमी.

परदेशी रेसिप्यांमध्ये रम पंचाचं जुनं प्रमाण असतं, एक भाग आंबट, दोन गोड, तीन दारू, चार पाणी. ते आपल्या संत्र्याला लावू नका प्लीज, पाक पिल्यासारखं लागेल आणि तीन भाग दारूने बोलती बंद होईल. आपलं फळ आधीच गोड आहे.

मसाले कमी-जास्त केले तर?

करा की. फक्त लवंग सांभाळून, चाराच्या सहा झाल्या की दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखा वास येतो. जायफळ आवडत असेल तर वाढताना वरून दोन घासे किसा, उकळू नका. वेलदोडा मला यात मसाला दुधाची आठवण करून देतो म्हणून मी टाळते. चहा मसाला टाकू का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असं आहे, त्यात सुंठ इतकी असते की संत्रं गायब. पण पाण्याऐवजी कोरा, हलका चहा वापरायची आयडिया चांगली आहे, मसाले उकळून झाले की गॅस बंद करून अर्धा चमचा चहापत्ती दोन मिनिटं ठेवायची आणि गाळायची. थोडा तुरटपणा येतो आणि पेय अंगाला लागतं.

किती चढेल?

साधं गणित आहे. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची असते. १८० मिलीत साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, आणि सगळं मिळून पंच होतं ९०० ते ९५० मिली, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास, स्ट्राँग बियरएवढं. प्रत्येकाच्या वाट्याला ४५ मिली रम, दीड छोटा पेग.

ऐकायला कमी वाटतं ना? धोका तिथेच आहे. गरम, गोड, फळाचं, त्यामुळे घटाघटा जातं आणि दुसरा पेला मागितला जातो, तिसरा पण. तीन पेले म्हणजे साडेचार पेग झाले हे डोक्यात ठेवा. आणि गाडीचं म्हणाल तर कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती फार लवकर ओलांडली जाते, एका पेल्याने काय होतंय हा हिशोब करत बसू नका. कॅब बोलवा किंवा आमच्यासारखी गादी टाका हॉलमध्ये.

उकळल्यावर दारू उडून जाते, मग मुलांना दिलं तर चालेल ना?

अजिबात नाही. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं हे खरं पण पाण्यात मिसळलेलं असताना ते असं सगळं उठून जात नाही, पंधरा मिनिटं मंद शिजवलं तरी साधारण ४० टक्के उरतं. मुलांना रम घालायच्या आधीच वेगळं काढून द्या. माझ्या सासूबाईंना पण हेच आवडतं, त्या याला संत्र्याचा काढा म्हणतात आणि मागच्या वर्षी त्यांनी माझ्या पेल्याचा वास घेऊन, तुझ्या काढ्यात काय गं वेगळं घातलंस, असं विचारलं होतं. मी म्हटलं जायफळ.

रम नसली की पाचातलं एक बोट कमी पडतं, त्यामुळे नुसतं वगळलं तर सरबत लागतं. तिथे कोरा चहा आणि दोन मिरे जास्त घाला, थोडं काळं मीठ. जरा करकरीत लागलं पाहिजे. गरोदर असाल, गोळ्या सुरू असतील, तर हेच प्या, आणि गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा, मला नको.

गॅस चालू असताना रम ओतली तर काय होतं?

भडका होऊ शकतो. गरम पातेल्यावर पडली की वाफ एकदम वर येते आणि ती पेट घेते. रील मध्ये ज्वाळा छान दिसतात, स्वयंपाकघरात भुवया जातात. गॅस बंद, पातेलं ओट्यावर, मग रम.

सर्दी-खोकल्याला हे चांगलं म्हणतात, खरंय का?

गरम वाफ आणि अद्रकाने घशाला बरं वाटतं, ते रम न घालता पण वाटतं. दारूने थंडी पळते हे तर उलटंच आहे, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून अंग गरम वाटतं पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. शेतावर उघड्यावर रात्र काढणार असाल तर स्वेटरच घाला. आणि खोकल्याच्या औषधासोबत हे नको.

काचेचा ग्लास तडकला माझा. कशात वाढू?

चहाचे जाड मग सगळ्यात बेस्ट. काचेचाच पाहिजे असेल, फोटोसाठी, तर आधी ग्लासात कोमट पाणी फिरवून ओता आणि स्टीलचा चमचा आत ठेवून मग पंच घाला. स्टीलच्या पेल्यात ओठ भाजतात. आम्ही एकदा कुल्हडमध्ये दिलं, दिसलं भारी पण मातीचा वास संत्र्यावर चढला, मला नाही आवडलं, नवऱ्याला फार आवडलं.

हुरडा पार्टीला वीस जण आहेत, पाचपट करू का सगळं?

मसाले सोडून. वीस जणांना पन्नास संत्री (सहा-सात किलो धरा, एखादं सडकं निघतंच), गूळ २०० ग्रॅम, लिंबं दहा, रम एक खंबा (७५० मिलीची बाटली) आणि एक क्वार्टर. मसाले मात्र तिप्पटच, जास्त नाही, मोठ्या पातेल्यात ते जास्त उतरतात.

शेतावर नेताना मसाल्याचं गुळपाणी घरून करून थर्मासमध्ये न्या. संत्री अख्खीच न्या आणि तिथे पिळा, वीस जण असतात, दे प्रत्येकाच्या हातात दोन-तीन. शेकोटीच्या कडेला पातेलं ठेवून थोडं थोडं गरम करा, एकदम सगळं नाही. थर्मासमध्ये रस मिसळून नेऊ नका, कडू होतो, वर लिहिलंय कशाने. आणि रम पातेल्यात घालूच नका, बाटली आणि एक माप बाजूला ठेवा, ज्याला पाहिजे तो आपल्या मगात घालेल. गाडी चालवणारे, उपास वाले, घरी लपवणारे सगळ्यांची सोय होते.

सोबत खायला काय?

हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर प्रश्न मिटला. भाजलेले शेंगदाणे, खारे काजू, पातळ पोह्यांचा चिवडा. कोकणातल्या मैत्रिणीने पोपटीसोबत करून पाहिलं आणि वालाच्या शेंगांसोबत भारी लागलं म्हणाली, जळगाववाल्यांनी भरीत पार्टीला करून पाहावं. सावजी मटण नको, नागपूरकर असून सांगतेय. त्या तिखटावर गरम पेय म्हणजे शिक्षा, आणि संत्र्याची चव कळतच नाही. सावजी आधी होऊ द्या, मग तासाभराने हे.

टेट्रापॅकचा ज्यूस चालेल?

नाईलाज असेल तर. पाकिटावर मागे वाचा, नुसता रस आहे की साखर घातलेलं ड्रिंक आहे. साखर वालं असेल तर गूळ पूर्ण काढा आणि लिंबू वाढवा. चव ठीकठाक येते. पण हिवाळ्यात, महाराष्ट्रात राहून, संत्री गल्लीत ओरडत फिरत असताना पाकीट कशाला फोडायचं ते मला कळत नाही.

थंड कसं करायचं? मुंबईत कुठली आली थंडी.

खरंय, तुमच्याकडे पंखा चालू ठेवून स्वेटर घालतात. तर मसाल्याचं गुळपाणी पूर्ण गार करा, रस, लिंबू, रम (इथे पांढरी चालेल) घालून बर्फावर ओता आणि वरून थोडा सोडा. थंड पेयात गोडी कमी जाणवते म्हणून गूळ चमचाभर जास्त.

नाहीतर मग फळच बदला. डिसेंबरपासून मार्चपर्यंत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असते. सात-आठ स्ट्रॉबेऱ्या, चमचाभर साखर, अर्धं लिंबू हे ग्लासातच ठेचा, ६० मिली व्होडका किंवा जिन, बर्फ, सोडा, वरून मिरपूड. स्ट्रॉबेरी गरम अजिबात करायची नाही, जॅमचा वास येतो.

पेरूचं पण लोकांना आवडतं. लाल गराचा पिकलेला पेरू शिजवून, गाळून, त्यात लिंबू, काळं मीठ, व्होडका आणि ग्लासाच्या काठाला तिखट-मीठ. शाळेबाहेर मिळायचा तो तिखटमीठ लावलेला पेरू, तसाच, फक्त आता घंटा वाजत नाही.

रमऐवजी रेड वाईन घालून ते ख्रिसमसचं करतात तसं होईल का?

होतं. नाशिकची साधी शिराज किंवा झिनफँडेल, ७५० मिली, महागाची नको. त्यात दोन संत्र्यांचा रस, एका संत्र्याच्या चकत्या बिया काढून, वरचेच मसाले, ६० ग्रॅम गूळ. वाईनला उकळी आणायची नाही, वाफेवर वीस मिनिटं ठेवायची आणि चकत्या दहा मिनिटांत काढून टाकायच्या, नाहीतर पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो. गोव्यातली गोड पोर्ट वाईन वापरलीत तर गूळ घालूच नका, आधीच गोड असते. पाच जणांना पुरतं.

फेणी घालू का? गोव्याहून आणलीय.

काजू फेणी घालून केलंय, पण वास इतका दणदणीत की निम्मीच घालावी लागते आणि मसाल्यातून दालचिनी-लवंग काढून फक्त अद्रक-मिरे ठेवावे लागतात. थंड करून जास्त चांगली लागते. बाय द वे, गोव्याची बाटली महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं हा गुन्हा आहे, बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं लिहिलेलं असतं ते सजावटीला नाही. पुढच्या वेळी तिकडेच करून प्या, संत्री इकडून न्या, त्याला कोणी अडवत नाही.

परवाना, वय वगैरे काय भानगड आहे?

महाराष्ट्रात रम-व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण पाहिजे, बियर-वाईनसाठी २१, आणि दारू प्यायचा परवाना असतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, वर्ध्यात १९७४ पासून. कारंजा घाडगेची संत्री वर्धा जिल्ह्यातली, झकास असतात, पण रमची बाटली तिकडे न्यायची नाही, तिकडच्यांनी सासूबाई व्हर्जन करावं. अहमदाबाद-बडोद्याच्या मराठी मंडळींनीही तेच.

मी न्यू जर्सीत आहे, नागपुरी संत्री कुठून आणू?

तुमच्याकडे हिवाळ्यात क्लेमेंटाइन आणि सात्सुमा मिळतात ना, ती आपल्या संत्र्याच्याच गोत्रातली, सैल सालीची, आणि शक्यतो बिनबियांची, म्हणजे तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं. गोड जास्त असतात म्हणून लिंबू तीन घ्या, पिवळं मोठं नाही, हिरवं छोटं. गूळ इंडियन स्टोअरमध्ये मिळतो. तिकडची डार्क रम बहुधा ४० टक्क्यांची असते, फार फरक पडत नाही.

उरलेलं फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल?

मिसळलेलं ठेवू नका, सकाळी कडू. मसाल्याचं गुळपाणी मात्र गाळून बाटलीत चार-पाच दिवस आरामात राहतं, म्हणून मी तेच दुप्पट करून ठेवते, मग पाहुणा आला की पाच संत्री पिळायची आणि पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत.

एवढ्या साली निघाल्या, फेकून देऊ?

थांबा. धुतलेल्या संत्र्यांच्या साली दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, खडखडीत झाल्या की डब्यात भरा. पुढच्या खेपेला मसाल्याबरोबर एक तुकडा टाकला की किसायचं काम वाचतं, एकच तुकडा पण, आणि दोन मिनिटांत काढायचा. बाकीच्या शेकोटीत टाका, सालीत तेल असतं त्यामुळे तडतडतात आणि वास मस्त सुटतो. माझ्याकडे अजून मागच्या हिवाळ्यातला अर्धा डबा शिल्लक आहे, वास जरा कमी झालाय पण आहे.